एक राज्य, दोन संघ आणि एक चुकलेला निर्णय

(इयत्ता सातवी ते नववी. पूरक वाचन आणि चर्चा. साधारण दोन तासिका लागतात.)

आयपीएल सुरू झाली की वर्गाचं काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको. गेल्या हंगामात माझ्या आठवीच्या वर्गातले एका बाकावरचे दोन मुलगे आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर एक रन-आउट. निर्णय थर्ड अंपायरने पडद्यावर चार वेळा बघून दिलेला. तरी हरलेल्या बाजूचा मुलगा ठाम, "बाई, अंपायर विकला गेला होता." मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, "पप्पा म्हणाले."

हा पाठ त्या "पप्पा म्हणाले"मधून तयार झालाय, म्हणून पालकांनीही वाचावा ही विनंती.

क्रिकेटचंच उदाहरण घेऊन समजवायला गेलं की मुलं आधीच बाजू घेऊन बसलेली असतात, पुढचं ऐकतच नाहीत. म्हणून मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलं. आपल्या मुलांना ना तो खेळ माहीत, ना ते संघ. अमेरिकेतलं मिझुरी राज्य आणि तिथले बेसबॉलचे दोन संघ, सेंट लुईस कार्डिनल्स आणि कॅन्सस सिटी रॉयल्स. कुणाचाच जीव त्यात अडकलेला नसल्यामुळे मुलं शांतपणे विचार करतात. निदान पहिली पंधरा मिनिटं तरी. नंतर वर्गात आपोआप दोन तट पडतात, ते तुम्ही बघालच.

आधी नकाशा

फळ्यावर मिझुरीचा ढोबळ नकाशा काढा. पूर्वेच्या कडेला मिसिसिपी नदी, तिच्या काठावर सेंट लुईस. पश्चिमेच्या कडेला, कॅन्सस राज्याच्या हद्दीला अगदी चिकटून, कॅन्सस सिटी. (नाव कॅन्सस सिटी असलं तरी रॉयल्सचं मैदान मिझुरी राज्यातच आहे. सामान्यज्ञानाच्या परीक्षेला बसणारी मुलं इथे हमखास फसतात.) मध्ये सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई-सोलापूर एवढं अंतर. दोन्ही शहरांना जोडणारा महामार्ग आहे आय-सेव्हन्टी. म्हणून या दोन संघांच्या सामन्यांना ‘आय-सेव्हन्टी सिरीज’ असंच नाव पडलंय. वाटेत जवळजवळ मध्यावर कोलंबिया नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे दोन्ही बाजूंचे चाहते एकाच गल्लीत, कधीकधी एकाच घरात सापडतात.

दोन संघांचं वय मात्र सारखं नाही, आणि चुरशीचं मूळ तिथेच आहे.

कार्डिनल्स हा जुना, मानाचा संघ. त्याची सुरुवात १८८२ सालची. ‘कार्डिनल’ हे लाल पक्ष्याचं नाव म्हणून सगळ्यांना ठाऊक असतं, पण संघाला ते मिळालं गणवेशावरच्या लाल रंगाच्या छटेवरून. पक्षी छातीवर येऊन बसला तो पुढे वीसेक वर्षांनी. १९५५ पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये सेंट लुईसच्या पश्चिमेला संघच नव्हता. त्यामुळे केएमओएक्स या ताकदवान रेडिओ केंद्रावरून रात्री कार्डिनल्सचं समालोचन लागलं की आसपासच्या कितीतरी राज्यांतले शेतकरी ते ऐकत बसायचे. आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं, म्हणून नातूही कार्डिनल्सचा. आपल्याकडे वारी जशी घराण्यात चालत येते, तसंच.

सेंट लुईसमध्ये तेव्हा ब्राउन्स नावाचा आणखी एक संघ होता. १९४४ साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाअखेरची अंतिम मालिका, याच दोन संघांत झाली. सगळे सामने एकाच मैदानावर, कारण दोघांचं घरचं मैदान एकच! मुलांना आवडणारी गंमत पुढे आहे. दोन्ही संघांचे व्यवस्थापक, ल्यूक स्यूएल आणि बिली साउथवर्थ, एकच घर भाड्याने वापरत होते. एक संघ गावात असला की दुसरा दौऱ्यावर, म्हणून एरवी अडचण यायची नाही. वर्ल्ड सिरीजला मात्र दोघंही एकाच वेळी गावात! कार्डिनल्सने ती मालिका जिंकली. पुढे १९५३ च्या हंगामानंतर ब्राउन्स बाल्टिमोरला निघून गेले.

कॅन्सस सिटीची गोष्ट उलटी, हातात आलेलं निसटून जाण्याची. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक्स हा संघ तिथे राहायला आला. तेरा हंगाम खेळला, आणि एकाही हंगामात जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त नव्हते. चांगले खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला दिले जायचे, आणि लोक चिडून बघत बसायचे. १९६७ नंतर मालक चार्ली फिन्ली यांनी संघच उचलून ओकलंडला नेला. तिथे गेल्यावर त्याच संघाने १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन अजिंक्यपदं मिळवली. कॅन्सस सिटीच्या माणसाला काय वाटलं असेल, ते मुलांनाच विचारा.

मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी बेसबॉलच्या कारभाऱ्यांवर दबाव आणला, औषध-उद्योजक युइंग कॉफमन यांनी पैसा घातला, आणि १९६९ मध्ये नवा संघ उभा राहिला. तो रॉयल्स. हे नाव राजेरजवाड्यांवरून आलेलं नाही. शहरात १८९९ पासून ‘अमेरिकन रॉयल’ नावाचं जनावरांचं प्रदर्शन भरतं, त्यावरून ते घेतलं. इथे वर्ग हसतो. हसू द्यावा.

तर पूर्वेला घरंदाज, कपाटभर करंडक असलेला थोरला. पश्चिमेला कालपरवा जन्मलेला, एकदा टाकून दिलेल्या शहराचा धाकटा. थोरल्याच्या चाहत्यांना धाकट्याचं फारसं काही वाटत नाही, आणि धाकट्याला नेमकं तेच खुपतं. शिवाय दोघं दोन वेगळ्या लीगमध्ये. १९९७ पर्यंत नियमित हंगामात या दोन लीगमधले संघ एकमेकांशी खेळतच नसत. म्हणजे भांडण मिटवायची एकच जागा उरली, वर्ल्ड सिरीज. आपल्याकडे एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला हरवलं आणि पुढच्याच हंगामात विदर्भाने मुंबईला उपांत्य सामन्यात घरी पाठवलं. परतफेडीसाठी एकच वर्ष थांबावं लागलं. मिझुरीत मात्र दोघांची गाठ पडायला सोळा वर्षं लागली, आणि नंतर वर्ल्ड सिरीजमध्ये ती पुन्हा कधी पडलेलीच नाही.

बेसबॉल, पाच मिनिटांत

सगळे नियम सांगत बसू नका, मीही नाही सांगत. एवढं पुरेसं आहे: सामना नऊ इनिंग्जचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, तीन गडी बाद झाले की पाळी संपली. चार कोपऱ्यांना चार बेस, चक्कर पूर्ण केली की एक रन. बॅटरने मारलेला चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला, तर बॅटरने पहिल्या बेसकडे धावायचं. तो पोहोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन बेसवर पाय टेकवला, तर बॅटर आउट. नाहीतर सेफ. आपल्या रन-आउटसारखंच, फक्त बेल्स उडवायच्या नाहीत.

२६ ऑक्टोबर १९८५

त्या वर्षी कार्डिनल्सने हंगामात १०१ सामने जिंकले होते, रॉयल्सने ९१. वर्ल्ड सिरीजमध्ये सातपैकी चार सामने जिंकणारा अजिंक्य. पाच सामने झाले तेव्हा कार्डिनल्स ३-२ ने पुढे होते. सहावा सामना कॅन्सस सिटीत. आठव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सने सामन्यातला पहिला रन काढला. १-० अशी आघाडी घेऊन ते शेवटच्या अर्ध्या इनिंगसाठी मैदानात उतरले. आणखी तीन गडी बाद केले की अजिंक्यपद.

रॉयल्सचा पहिला बॅटर होर्हे ऑर्टा. त्याने मारलेला चेंडू घरंगळत पहिल्या बेसजवळच्या जॅक क्लार्ककडे गेला. क्लार्कने तो बेसकडे धावत आलेल्या टॉड वॉरेल या पिचरकडे टाकला. वॉरेलचा पाय बेसवर, चेंडू हातमोज्यात, ऑर्टा अजून एक पाऊल मागे. पहिल्या बेसचे अंपायर डॉन डेंकिंजर यांनी हात आडवे पसरले. सेफ!

टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. ऑर्टा स्पष्ट आउट होता, यात आजही कुणाला शंका नाही. पण तेव्हाच्या नियमात रिप्ले बघून निर्णय फिरवायची सोय नव्हती.

इथे मी थांबते आणि मुलांना विचारते, अंपायरला का दिसलं नसेल? उत्तरं लगेच येतात. विकला गेला होता. घाबरला होता. कॅन्सस सिटीचा असेल. (डेंकिंजर आयोवा राज्याचे, मिझुरीचेच नव्हेत.) मग मी त्यांचं स्वतःचं म्हणणं सांगते. पहिल्या बेसचा अंपायर सहसा डोळे बेसवर, पायांवर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानाने टिपतो. त्या रात्री गर्दीच्या गोंगाटात आवाज ऐकू येणं अशक्य होतं. शिवाय वॉरेल साडेसहा फुटांच्या जवळपास उंच आणि डेंकिंजर फार जवळ उभे. हातमोजा बघायला मान वर केली की पाय दिसेनात.

हे वर्गात करून बघा. उंच मुलाला पिचर करा, एकाला अंपायर, एकाला धावायला सांगा आणि बाकीच्यांना बाकं वाजवायला. आमच्या वर्गात तीन अंपायरांपैकी दोघांचे निर्णय चुकले, आणि त्यातला एक "विकला गेला" म्हणणाराच होता. त्याला मी काही बोलले नाही. शेजारच्या वर्गावरचे सर तेवढ्यात गोंधळ बघायला आले, ते वेगळं.

पुढे काय झालं, हे जास्त महत्त्वाचं

चाहत्यांच्या आठवणीत गोष्ट त्या ‘सेफ’पाशीच थांबते. सामना मात्र तिथे संपला नव्हता. म्हणून मी पुढचा एकेक प्रसंग फळ्यावर साखळीसारखा लिहिते.

पुढचा बॅटर स्टीव्ह बॅलबोनी. त्याचा एक चेंडू कडेला उंच उडाला. सोपा झेल होता, पण जॅक क्लार्कचा अंदाज चुकला आणि चेंडू जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या बॅलबोनीने लगेच फटका मारून बेस गाठला. आता रनर दोन. मग जिम सुंडबर्गने चेंडू हळूच समोर टाकला, वॉरेलने तो उचलून तिसऱ्या बेसकडे फेकला आणि तिथे ऑर्टा आउट झाला.

हो, तोच ऑर्टा. चुकून सेफ दिलेला माणूस रन न काढताच परत गेला. ही गोष्ट सेंट लुईसच्या किती चाहत्यांना आठवत असेल कोण जाणे.

त्यानंतर कार्डिनल्सचा कॅचर डॅरेल पोर्टर याच्या हातून चेंडू निसटला, दोन्ही रनर एकेक बेस पुढे सरकले. मग कार्डिनल्सने हॅल मॅक्रेला मुद्दाम फुकट बेस दिला. आणि बदली बॅटर म्हणून आलेल्या डेन ऑर्गने उजवीकडे फटका मारला. दोन रनर घरी आले. रॉयल्स २, कार्डिनल्स १.

आता या नावांकडे जरा बघा. ऑर्ग १९८२ मध्ये अजिंक्यपद जिंकणाऱ्या कार्डिनल्स संघात होता. पोर्टर त्याआधी रॉयल्सकडून खेळलेला. कार्डिनल्सचे व्यवस्थापक व्हायटी हर्झॉग हे १९७५ ते ७९ रॉयल्सचे व्यवस्थापक होते आणि तिथून त्यांना काढून टाकलं होतं. खेळाडू आय-सेव्हन्टीवरून इकडून तिकडे जात-येत होते. आयुष्यभर एकाच टोकाला चिकटून बसले ते चाहते.

रॉयल्सच्या चाहत्यांचंही एक म्हणणं आहे, तेही वर्गात मांडायला हवं. त्याच सामन्यात चौथ्या इनिंगमध्ये त्यांचा फ्रँक व्हाइट दुसरा बेस चोरताना आउट दिला गेला. तो सेफ होता, असं ते म्हणतात. पुढच्याच बॅटरने फटका मारला, म्हणजे कदाचित एक रन तिथेच झाला असता. त्या निर्णयाबद्दल मात्र कुणी चाळीस वर्षं बोलत नाही, कारण ज्यांच्यावर अन्याय झाला तेच शेवटी जिंकले.

सातवा सामना

अंपायरांच्या जागा रोज फिरतात. पहिल्या बेसचा अंपायर दुसऱ्या दिवशी होम प्लेटच्या मागे येतो. म्हणजे सातव्या, निर्णायक सामन्यात प्रत्येक चेंडूचा निर्णय देणार कोण? डेंकिंजरच.

कार्डिनल्स मैदानात उतरले तेच धुमसत. त्यांचा भरवशाचा पिचर जॉन ट्यूडर तिसऱ्या इनिंगमध्येच बाहेर गेला आणि आत जाऊन त्याने रागाने विजेच्या पंख्यावर ठोसा मारला, हात कापून घेतला. (इंग्रजीत पंख्यालाही फॅन आणि चाहत्यालाही फॅन. मुलांनी हा विनोद माझ्याआधी केला.) पाचव्या इनिंगमध्ये रॉयल्सने सहा रन काढले. वाद घातल्याबद्दल हर्झॉग यांना बाहेर काढलं गेलं, पाठोपाठ अंपायरच्या अंगावर धावून गेलेल्या वाकीन आंदूहार या पिचरलाही. रॉयल्सचा अवघ्या २१ वर्षांचा ब्रेट सेबरहेगन याने कार्डिनल्सला एकही रन काढू दिला नाही. ११-०. रॉयल्सचं पहिलं अजिंक्यपद.

आता गणिताच्या बाईंना थोडं काम. सात सामन्यांत कार्डिनल्सचे रन असे: ३, ४, १, ३, १, १, ०. बेरीज करा. तेरा. सात सामन्यांत तेरा रन काढणारा संघ एका निर्णयामुळे हरला, असं म्हणता येईल का? त्या हंगामात ११० बेस चोरणारा त्यांचा विन्स कोलमन आधीच्या मालिकेच्या वेळी मैदान झाकणाऱ्या यांत्रिक ताडपत्रीखाली पाय सापडून जखमी झाला होता, तो वर्ल्ड सिरीज खेळूच शकला नाही. पण ताडपत्रीवर राग काढता येत नाही. राग काढायला माणूस लागतो.

तो माणूस सापडला होताच. डेंकिंजर यांना शिव्यांची, धमक्यांची पत्रं आली. सेंट लुईसच्या रेडिओवरून त्यांचा पत्ता आणि फोन नंबर सांगितला गेला. तेव्हा मोबाइल नव्हते, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरी हे घडलं. जिवे मारण्याच्या धमक्यांचा तपास एफबीआयला करावा लागला. एका खेळाच्या एका निर्णयासाठी!

या भागावर एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांच्या घरच्यांनी फोन उचलला असेल तेव्हा?" मी उत्तर दिलं नाही. वर्ग थोडा वेळ गप्प होता. तुमच्या वर्गात असा प्रश्न आला तर घाईने पुढे जाऊ नका, एवढंच सुचवेन.

डेंकिंजर यांनी चूक लपवली नाही. सामना संपल्यावर त्यांनी बेसबॉलचे आयुक्त पीटर युबेरॉथ यांनाच विचारलं, की माझा निर्णय बरोबर होता का. नाही, असं उत्तर मिळालं. पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला ते चुकलो असं सांगत राहिले. अंपायरगिरी सोडली नाही, १९९८ पर्यंत केली. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना दहा इनिंग्ज चालला, १-० असा सुटला. बेसबॉलमधल्या सर्वांत सुंदर सामन्यांत तो गणला जातो. त्या रात्री होम प्लेटमागे कोण होतं? तेच. पण त्या सामन्याची आठवण निघते तेव्हा अंपायरचं नाव कोण घेतो? २००५ मध्ये त्यांनी हर्झॉग यांच्या मुलांसाठीच्या संस्थेच्या निधीसाठी झालेल्या भोजनाला हजेरी लावली, ज्यांना त्यांच्या सामन्यात मैदानाबाहेर जावं लागलं होतं त्याच हर्झॉग यांच्या. २०१४ पासून असे निर्णय रिप्ले बघून बदलता येतात. डेंकिंजर २०२३ मध्ये वारले, हर्झॉग त्यानंतर वर्षभरात.

वर्गात वापरताना

फळ्यावरची साखळी पुसू नका. गटांना विचारा, यातली कोणती कडी काढली तर निकाल नक्की बदलतो? मुलं प्रचंड भांडतात, पण मुद्द्यावर भांडतात. एक धोका सांगून ठेवते. ऑर्टा पुढे आउट झाला हे कळल्यावर काही मुलं एकदम दुसऱ्या टोकाला जातात, "म्हणजे अंपायरची चूक नव्हतीच." तिथे अडवायला हवं. चूक होतीच, आणि मोठी होती. ऑर्टाला आउट दिलं असतं तर एक गडी बाद, बेसवर कुणी नाही, आणि पुढची इनिंग वेगळीच झाली असती. चूक खरी होती आणि पराभवाची कारणं आणखीही होती. ही दोन वाक्यं एकाच उत्तरात लिहायला आठवीच्या मुलांना जड जातं. मोठ्यांनाही जातं, म्हणा.

लेखनासाठी मी दोन पत्रं दिली होती: सेंट लुईसच्या मुलाने कॅन्सस सिटीच्या चुलतभावाला लिहिलेलं, आणि त्याचं उत्तर. तारीख २८ ऑक्टोबर १९८५. अट एकच, अंपायरचं नाव पत्रात दोनदाच यावं. या अटीमुळे मुलांना बाकीच्या सामन्याबद्दल लिहावंच लागतं. चांगली पत्रं आली. एकाने तर ताडपत्रीलाच पत्र लिहिलं, तेही मी तपासून दिलं.

पालकांना गृहपाठ नाही. पण पुढचा सामना घरी बघताना "विकला गेला" असं तोंडावर आलं, तर शेजारी सोफ्यावर कोण बसलंय तेवढं बघावं.

त्या दोन मुलांचं विचाराल, तर ते आता बोलतात. श्रेय या पाठाला नाही. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एकाची भूगोलाची वही हरवली, आणि नकाशे पूर्ण असलेली वही फक्त दुसऱ्याकडे होती.